झाडूगाडीच्या पुढे

सँ-व्हुल्बाचा टप्पा संपला तेव्हा आमच्याकडे पानं वाढून झाली होती. ३ जुलै २०२४. मार्क कॅव्हेंडिशनं टूर द फ्रान्स या रोज एक टप्पा अशा तीन आठवड्यांच्या सायकल शर्यतीतला आपला ३५वा टप्पा जिंकला, बेल्जियमच्या एडी मर्क्सचा ३४ टप्प्यांचा विक्रम मोडला, आणि मी हातातली पोळी ताटात टाकून मामाला फोन लावला. मामा तरुणपणी मुंबई-पुणे सायकल शर्यतीत उतरायचा, त्यामुळे घरात या विषयावर फोन करावा असा तोच एक. त्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. ‘बरं झालं,’ म्हणाला. मग जरा थांबून, ‘आणि अख्खी टूर किती वेळा जिंकला गं तो?’ एकदाही नाही, मी म्हटलं. ‘हां,’ एवढंच म्हणून त्यानं गाडी पावसावर नेली, धरणात किती पाणी आलं वगैरे. फोन ठेवल्यावर जेवण गार झालेलं, टीव्हीवर तो निळ्या जर्सीतला माणूस बायकामुलांना मिठ्या मारतोय, प्रतिस्पर्धी संघांतले सायकलस्वार रांगेनं येऊन त्याच्या पाठीवर थाप मारतायत, आणि माझ्या डोक्यात मामाचा तो ‘हां’.

त्या ‘हां’ला मोठा इतिहास आहे. मामा किडकिडीत, घाटातला गडी. मुंबई-पुणे शर्यतीत जे काही खरं व्हायचं ते बोरघाटात, असं त्याचं ठाम मत. खोपोलीपर्यंत सगळेच हिरो असतात; वळणं सुरू झाली, चढ अंगावर आला, मागच्या ट्रकचा धूर नाकात गेला की कोण काय आहे ते कळतं. ‘घाटाचा राजा’ हा किताब त्याला कधी मिळाला नाही, पण त्या किताबाबद्दल बोलताना त्याचा आवाज अजूनही बदलतो. सपाटीवर दुसऱ्याच्या चाकाला चिकटून येणारे, वारा कधीच अंगावर न घेणारे, आणि शेवटी फीत दिसली की बाजूला निघून पुढे पळणारे, हे त्याच्या लेखी फुकटे. त्याच्या काळच्या सायकलवाल्यांमध्ये मर्क्सचं नाव देवासारखं घेतलं जायचं. कुठल्याशा परदेशी मासिकातून कापलेलं मर्क्सचं चित्र त्याच्या पत्र्याच्या पेटीत मी लहानपणी पाहिलंय. चढावर पुढे झुकलेला, तोंड उघडं, मागे कोणीच नाही.

मागे कोणीच नाही, हेच मर्क्सचं वर्णन. १९६९च्या त्याच्या पहिल्याच टूरमध्ये, एकूण आघाडीवाल्याची पिवळी जर्सी अंगावर असताना आणि आघाडी आठेक मिनिटांची असताना, तो पिरेनीजमध्ये एकटाच सुटला. गरज नव्हती. राखून खेळायचे दिवस होते ते. हा जवळपास १४० किलोमीटर एकटा गेला आणि मूराँक्सला पोहोचला तेव्हा मागच्यांना आणखी जवळजवळ आठ मिनिटं बसली होती. त्या वर्षी पिवळी जर्सी त्याचीच, गुणांची त्याचीच, डोंगराचा मानही त्याचाच. त्याला ‘नरभक्षक’ म्हणत, कारण दुसऱ्यांसाठी तो ताटात काही ठेवत नसे. १९७० मध्ये ८ टप्पे, १९७४ मध्ये पुन्हा ८. चढावर जिंकला, घड्याळाविरुद्धच्या शर्यतीत जिंकला, मनात आलं तर घोळक्यातल्या स्प्रिंटमध्येही, म्हणजे रेषेपाशी होणाऱ्या शेवटच्या धावेतही जिंकला. एका दिवसात दोन-दोन अर्धे टप्पे धावायची पद्धत तेव्हा होती, तिचाही आकड्याला हातभार लागला, हे मामाला सांगायची मला कधी हिंमत झाली नाही. ३४वा टप्पा १९७५चा. त्याच टूरमध्ये प्यूई-द-दोमच्या चढावर एका प्रेक्षकानं त्याच्या कुशीत ठोसा मारला, पुढे पडून गालाचं हाड मोडलं, तरी तो पॅरिसपर्यंत आला, दुसरा. मला नाही वाटत त्यानं ३४ मोजत मोजत जिंकले असतील. पाच टूर जिंकायच्या वाटेवर ते सांडत गेले.

अशा माणसाशेजारी, ज्याला साधा मधल्या उंचीचा डोंगर नको वाटतो असा माणूस उभा करायचा?

कॅव्हेंडिश आइल ऑफ मॅनचा. आयर्लंड आणि इंग्लंडच्या मधलं वाऱ्यानं झोडपलेलं बेट. सायकलीच्या खर्चासाठी पैसे जमवायला शाळेनंतर त्यानं बँकेत नोकरी केली. प्रयोगशाळेत स्थिर सायकलवर बसवून ताकद मोजतात त्या चाचणीत त्याचे आकडे कधीच डोळे दिपवणारे नव्हते. पुढच्या काळातले त्याचे जर्मन प्रतिस्पर्धी ग्राइपल आणि किटल त्याच्याहून दांडगे, जास्त वॅट काढणारे. पण रस्त्यावर वारा असतो. हा बुटकेला माणूस हँडलवर इतका खाली वाकायचा की नाक पुढच्या चाकाच्या वर यायचं, आणि हवेत त्याच्या अंगाला पकडायला काही उरायचंच नाही. शिवाय त्याची नजर. २००९ ते २०११ या वर्षांतले त्याचे टप्पे आता पुन्हा बघितले तर शेवटचा किलोमीटर सांगणाऱ्या लाल कमानीखालून त्याचा संघ ओळीनं येतो. एकेक साथीदार दम संपेपर्यंत ओढतो आणि कांद्याचे पापुद्रे सुटावेत तसा बाजूला होतो. शेवटी उरतो ऑस्ट्रेलियाचा मार्क रेन्शॉ आणि त्याच्या चाकामागे हा. दोनशे मीटरवर रेन्शॉ बाजूला, आणि मग दहा-बारा सेकंदांचा उभा आकांत. ताशी सत्तरच्या आसपास वेग, डावी-उजवीकडे हलणाऱ्या सायकली, खांद्याला खांदा. टीव्हीचा आवाज बंद करून बघावं असं मला नेहमी वाटतं, आणि तरी मी कधी बंद करत नाही, कारण पत्र्याच्या कठड्यांवर हात आपटणाऱ्या लोकांचा तो धडधडाट वाढत वाढत येतो तो ऐकायचा असतो.

मामाचा आक्षेप इथेच. दोनशे मीटर! १८० किलोमीटर लोकांच्या मागे लपून यायचं आणि दोनशे मीटर पळायचं.

पण टूर तीन आठवड्यांची असते, आणि सपाट टप्पे काही ओळीनं एका जागी ठेवत नाहीत. पहिला हप्ता संपला की आल्प्स किंवा पिरेनीज, मग एखादा सपाट दिवस, मग पुन्हा डोंगर. पुढचा सपाट दिवस पाहायचा तर मधले डोंगर पार करावेच लागतात, आणि तेही वेळेत. विजेत्याला लागलेल्या वेळेत त्या टप्प्याच्या अवघडपणाप्रमाणे आणि वेगाप्रमाणे ठरणारे काही टक्के मिळवतात. तेवढ्या वेळात जो पोहोचला नाही तो घरी. म्हणून डोंगरात सगळ्यात मागे स्प्रिंटर आणि थकलेले मदतनीस एक घोळका करून चालतात. त्याला तिथे ‘ऑटोबस’ म्हणतात. त्यात गणिती डोक्याचा कुणीतरी असतो, तो चढावर किती मिनिटं जाऊ द्यायची आणि उतारावर किती परत मिळवायची याचा हिशेब करतो. एरवी एकमेकांच्या पुढे नाक काढायला धडपडणारे इथे एकमेकांना पाणी देतात. ऑटोबस मोठी असेल तर पंचही जरा नमतं घेतात: २०११ मध्ये आल्प्समध्ये लागोपाठ दोन दिवस कॅव्हेंडिश वेळेबाहेर पोहोचला, पण त्याच्याबरोबर ऐंशीच्या वर माणसं होती, तेव्हा सगळ्यांना काढलं तर शर्यतच अर्धी होईल म्हणून ठेवून घेतलं आणि दोन्ही दिवशी त्याचे २०-२० गुण कापले. गुणांची हिरवी जर्सी तरीही त्यानंच नेली. ऑटोबसच्या मागे चालते ती झाडूगाडी. १९१० पासून टूरमध्ये ती आहे. दमलेल्यांना गोळा करणारी, आणि पूर्वी तिच्यावर खरोखरच खराटा बांधलेला असायचा.

सगळेच स्प्रिंटर हे सोसत नाहीत, हे महत्त्वाचं. इटलीचा मारियो चिपोलिनी बघा. देखणा, नाटकी, टूरमध्ये १२ टप्पे जिंकलेला, आणि एकदाही टूर पूर्ण न केलेला. डोंगर आले की स्वारी घरी. गंमत म्हणजे जिरो द’इतालियाचा, म्हणजे इटलीच्या टूरचा, टप्प्यांचा विक्रम त्याच्याच नावावर आहे, ४२, आणि २००३ मध्ये त्यानं तो मोडला अल्फ्रेदो बिंदाचा, ४१ टप्प्यांचा. बिंदा म्हणजे इटलीचा जुना मर्क्स. पाच जिरो जिंकलेला, १९२७ मध्ये १५ पैकी १२ टप्पे एकट्यानं खाल्लेला. १९३० मध्ये तर आयोजकांनी त्याला पैसे दिले ते शर्यतीत उतरू नये म्हणून. पाच वेळा शर्यत जिंकलेल्याचा विक्रम एकदाही न जिंकलेल्या स्प्रिंटरनं मोडायचा आणि तोही बरोबर एकानं, हे दोन देशांत दोनदा झालं. चिपोलिनीच्या बाबतीत मामाचा ‘हां’ मला मान्य आहे. कॅव्हेंडिशच्या बाबतीत नाही, आणि त्याचं कारण पॅरिस. २००९ ते २०१२, ओळीनं चार वर्षं शाँझ-एलिझेवरचा शेवटचा टप्पा त्यानं जिंकला. त्या दगडी रस्त्यावर स्प्रिंटला उभं राहायचं तर आल्प्स आणि पिरेनीज दोन्ही स्वतःच्या पायांनी ओलांडलेले असावे लागतात. तिथे सूट नसते.

२०१६ अखेर तो ३० वर होता आणि विक्रम आता एक-दोन वर्षांची गोष्ट वाटत होती. मग सगळं उतरणीला लागलं. २०१७ मध्ये व्हित्तेलला कठड्यावर आपटून खांद्याचं हाड मोडलं. एपस्टाइन-बार विषाणूनं अंगातली शक्ती काढून घेतली, आणि त्याच्या मागोमाग नैराश्य आलं. २०१८चा ला रोझिएरचा टप्पा मी पाहिला होता. जिंकला जेरंट थॉमस. बक्षिसं, मुलाखती सगळं आटोपलं, आणि विजेत्यानंतर तासाहून अधिक वेळानं कॅव्हेंडिश वर आला. वेळ केव्हाच टळून गेली होती. ऑटोबससुद्धा निघून गेलेली. गाडीत बसला असता तरी निकाल तोच होता. कागदोपत्री काही फरक पडणार नव्हता. तरी तो शेवटपर्यंत पायडल मारत आला. तेव्हा मला त्याचा रागच आला होता. कशाला हा तमाशा, थांब की बाबा. आज वाटतं, त्याच्या सगळ्या टप्प्यांत मला सगळ्यात लख्ख आठवतो तो हाच, न जिंकलेला, न मोजलेला.

पुढची दोन वर्षं टूरचं बोलावणंच नाही. २०२० च्या ऑक्टोबरात बेल्जियममधल्या गेंट-वेव्हेलगेमनंतर मुलाखत देताना तो रडला. ही कदाचित आपली शेवटची शर्यत असं म्हणाला. आणि मग २०२१. संघाचा स्प्रिंटर सॅम बेनेट याचा गुडघा दुखावला म्हणून ऐनवेळी याला संघात घेतलं. फूजेरला जिंकला. पाच वर्षांनी. शातोरूला जिंकला, जिथे २००८ मध्ये पहिला टप्पा जिंकला होता. मधे आल्प्समधल्या तीन्य गावाचा तो भिजलेला, गारठलेला डोंगरी दिवस: फ्रान्सचा आर्नो देमार वेळेबाहेर जाऊन घरी गेला, आणि कॅव्हेंडिश दीडेक मिनिट राखून आत आला. साथीदारांच्या गळ्यात पडून तो रडला तेव्हा बघणाऱ्याला वाटावं टप्पाच जिंकलाय. मग व्हॅलाँस. मग व्हाँतूचा डोंगर एकाच दिवसात दोनदा. आणि ९ जुलैला कार्कासोन, २२० किलोमीटर, भट्टीसारखा दिवस. पहिला कॅव्हेंडिश, दुसरा त्यालाच ओढून आणणारा त्याचा साथीदार मोर्कोव. ३४. शातोरूच्या पहिल्या विजयाला त्या दिवशी बरोबर तेरा वर्षं झाली होती.

मला ते तिथेच थांबायला हवं होतं.

हे मी तेव्हा कोणाला बोलून दाखवलं नाही, कारण सगळे ३५ची वाट बघत होते. पण ३४-३४ मध्ये एक सभ्यपणा होता. एकानं डोंगराच्या टोकावरून जमवलेले चौतीस आणि दुसऱ्यानं डोंगराच्या पायथ्याशी झगडून वाचवलेले चौतीस शेजारी शेजारी राहिले असते, आणि कोण मोठा हा मामाचा प्रश्न विचारायला जागाच उरली नसती. त्या वर्षी पॅरिसला तो तिसरा आला. जिंकला वाउट व्हान आर्ट, बेल्जियमचा, त्याच टूरमध्ये व्हाँतूही जिंकलेला आणि घड्याळाविरुद्धचा टप्पाही. म्हणजे मर्क्सच्या देशाचा आणि मर्क्सच्याच जातीचा. कॅव्हेंडिशनं हँडलवर हात आपटला. मी खुर्चीत मागे टेकले आणि मला चक्क सुटल्यासारखं वाटलं.

तो थांबला नाही अर्थात. २०२२ मध्ये त्याच्याच संघानं त्याला टूरला नेलं नाही. २०२३ मध्ये नव्या संघातून, हे आपलं शेवटचं वर्ष असं जाहीर करून तो आला. बोर्दोला तो पुढे निघालाही होता, रेष समोर होती, आणि गिअरनं दगा दिला, साखळी उडी मारली. यास्पर फिलिप्सन बाजूनं गेला. दुसऱ्याच दिवशी लिमोजच्या वाटेवर, काहीच घडत नव्हतं अशा रस्त्यावर तो पडला. रस्त्याच्या कडेला खांदा धरून बसलेला. गळ्याजवळचं हाड. मला वाटलं, संपलं. त्यानं निवृत्ती वर्षभर पुढे ढकलली.

२०२४च्या पहिल्याच दिवशी फ्लोरेन्सहून रिमिनीला जाताना त्याला उलट्या झाल्या. उन्हानं रस्ता पांढरा पडलेला, चढावर चढ, आणि दिवस जेमतेम सुरू झालेला असतानाच तो मागे. साथीदार त्याच्याभोवती, डोक्यावर पाणी ओतत, पाठीशी बर्फ लावत. विजेत्याच्या अर्ध्या तासाहून जास्त मागे, पण वेळेत. ३९ वर्षांचा माणूस. चौथ्या दिवशी गालिबिएचा डोंगर पार केला. आणि पाचव्या दिवशी सँ-व्हुल्बा. आता त्याच्यासाठी ती जुनी ओळ नव्हती. रेन्शॉ निवृत्त होऊन संघाच्या मोटारीत मार्गदर्शक म्हणून बसलेला. कॅव्हेंडिश एका चाकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर असा सरकत आला, फट दिसली तिथे घुसला, आणि फिलिप्सनच्या पुढे निघून गेला. अगदी निर्विवाद. फोटो काढून बघायची गरजच नाही.

मला आनंद झाला का? झाला. पण त्यात बरंचसं आता याला पुन्हा पडावं लागणार नाही हे होतं. त्या टूरमध्ये त्याला आणखी टप्पा मिळाला नाही, तरी तो शेवटचे डोंगर वेळेत चढून नीसपर्यंत गेला, त्या वर्षी टूर तिथे संपली. काम झालं होतं, सुटी घेतली असती तर कोणी नाव ठेवलं नसतं. ला रोझिएरच्या दिवशी जे मला कळलं नव्हतं ते इथे थोडं कळलं. त्याच्यासाठी तो मागचा प्रवास म्हणजे दोनशे मीटरांसाठी मोजायची किंमत नसावी. तीच त्याची शर्यत असावी. पंधरा टूर तो धावला. ३५ टप्प्यांचे शेवटचे दोनशे मीटर एकत्र केले तर सात किलोमीटर होतात. बाकी सगळं घोळक्यात, घाटात, झाडूगाडीच्या पुढे.

मामाला मी हे सगळं एकदा ऐकवलं, दिवाळीत. त्यानं चिवड्यातले शेंगदाणे वेचत ऐकलं. ‘मागे राहून टिकणं अवघड असतं, ते मला सांगू नकोस,’ म्हणाला, ‘पण अवघड म्हणजे थोर नव्हे.’ या वाक्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही, आणि त्याला ते माहीत आहे. त्याचा जीव आता स्लोव्हेनियाच्या तादेय पोगाचारवर जडलाय. २०२५ची टूर संपली तेव्हा पोगाचार २१ वर होता, वय २६, आणि मर्क्ससारखाच गरज नसताना सुटणारा. विक्रम परत ‘योग्य घरात’ जाणार असं मामा म्हणतो. गणित त्याच्या बाजूनं आहे, हे मान्य करावं लागतं. फिलिप्सन २०२५ मध्ये पहिल्याच दिवशी लीलला जिंकून १० वर पोहोचला आणि तिसऱ्या दिवशी पडून घरी गेला. स्प्रिंटरांचं हे असं.

त्यात आयोजकांनी २०२५ मध्ये शेवटच्या दिवशी पॅरिसमधल्या मोंमार्त्रचा दगडी चढ आणून ठेवला, तोही तीनदा. पावसात चकचकणाऱ्या दगडांवरून व्हान आर्ट पोगाचारला मागे टाकून निघाला, दृश्य म्हणून अप्रतिम, मी उभी राहून पाहिलं. पण शाँझ-एलिझेची ती संध्याकाळ स्प्रिंटरांची होती. अख्ख्या टूरमध्ये डोंगरांच्या पलीकडे त्यांच्यासाठी ठेवलेली एवढी एकच गोष्ट, आणि तिच्यातही आता चढ घातला. मला विचाराल तर हा वाईट सौदा आहे. चढ पाहायला तीन आठवडे पडलेले असतात. त्या वर्षीची हिरवी जर्सी इटलीच्या योनाथन मिलाननं नेली. २४ वर्षांचा, धिप्पाड, डोंगरात बघवत नाही इतका जड, आणि तरी वेळेत येत राहिलेला. दोन टप्पे जिंकला, एक लाव्हालला आणि एक व्हॅलाँसला, भर पावसात. विक्रम मोडायला त्याला तेव्हा आणखी ३४ हवे होते.